रात्रीचं गिऱ्हाईक

बारामतीत नव्यानं बदली होऊन आलेला माणूस महिन्याभरात एकदा तरी विचारतो, "संध्याकाळी बसायला बरं ठिकाण कुठलं?" विचारताना आवाज खाली येतो, आसपास कुणी ओळखीचं नाही ना हे बघितलं जातं. या प्रश्नावर माझा संसार उभा राहिला. भिगवण रोडवरच्या एका परमिट रूममध्ये मी टेबलं पुसायला लागलो, तिथंच वेटर झालो, कॅप्टन झालो, पुढं भिगवणला हायवेवरच्या मासळीच्या हॉटेलात गल्ल्यावर बसलो. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची रात्र मी अशी आतून पाहिली. बाहेर तिच्याबद्दल दोनच गोष्टी बोलल्या जातात. इथं दहानंतर चिटपाखरू नसतं, ही एक. इथली सगळी तरुण पोरं धाब्यावर पडलेली असतात, ही दुसरी. दोन्ही बोलणारी माणसं इथं रात्रीची कधी जागलेली नाहीत, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

परमिट रूमचं गिऱ्हाईक घड्याळाप्रमाणं बदलतं. दिवेलागणीला येतात ते मार्केट यार्डातले आडते, खता-बियाण्यांच्या दुकानांचे मालक. दोघांत एक क्वार्टर, सोबत उकडलेल्या शेंगा, कांदा-लिंबू आणि नऊच्या आत घरी, कारण जेवण घरचंच हवं. त्यांच्यामागून बँका, कॉलेजं, कचेऱ्यांतली मंडळी. ही चार-पाच जण मिळून येतात, ठरलेल्या कोपऱ्यात बसतात, बिल आळीपाळीनं देतात. अकराला एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटते. पेन्सिल चौकाकडून मोटारसायकलींचे दिवे दिसायला लागले की आमचा भटारी कणकेचे गोळे करायला घ्यायचा. ही पोरं बिहारची, उत्तर प्रदेशची, बीड-लातूरकडची. आठ तास मशीनपुढं उभं राहून आलेली. त्यांना दारूपेक्षा जेवण हवं असायचं: दाल तडका, अंडाकरी, रोट्यांवर रोट्या. दारूचं काउंटर परवान्याच्या वेळेला बंद व्हायचं, पण भट्टी त्यांच्यासाठी गरम ठेवायची असा आमचा शिरस्ता होता. भाड्याच्या खोलीत गॅस नसलेल्या पोराला रात्री साडेअकराला गरम रोटी मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे त्याच्या जेवण्यावरून कळायचं.

मला हे काम शिकवलं अण्णांनी. अण्णा कुंदापूरकडचे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जुन्या परमिट रूमच्या गल्ल्यामागं उडुपी-कुंदापूरचा एखादा माणूस असतोच. ग्लासाच्या आधी टेबलावर खायला गेलं पाहिजे, यावर ते हटून असायचे. रिकाम्या पोटी दारू झपाट्यानं चढते हे डॉक्टर सांगतात, अण्णांनी ते टेबलं बघून ओळखलं होतं. त्यामुळं शेंगदाणे, काकडी, भाजलेला पापड यांचे पैसे लावायचे नाहीत आणि गिऱ्हाइकानं मागायची वाटही बघायची नाही. पेग मापानंच भरायचा. तीस म्हणजे तीस, साठ म्हणजे साठ. ओळखीच्या माणसाला थोडी जास्त ओतून खूश करणाऱ्या वेटरला अण्णा दुसऱ्या दिवशी भांड्यांवर बसवायचे.

सगळ्यात अवघड म्हणजे टेबल थांबवणं. आवाज चढायला लागले, एकच हकिगत तिसऱ्यांदा सुरू झाली, की अण्णा टेबलाशी जाऊन उभे राहायचे आणि बाटलीचं नाव न काढता विचारायचे, "साहेब, भात टाकू का?" आपल्याकडं भात आला की पिणं संपलं, हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. प्रश्न विचारायचा तो सगळ्यात शुद्धीत असलेल्या माणसाला. त्यानं मान हलवली की पाच मिनिटांत गरम रस्सा आणि भात टेबलावर. कुणाला हटकलं नाही, कुणाचा पाणउतारा नाही. पिलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही, त्याच्या मित्राशी बोलायचं. आणि मित्रही पिलेला असेल तर घरचा नंबर मागायचा. मी कितीतरी टेबलं भातावर आणली असतील. त्या एका प्रश्नानं मारामाऱ्या टळलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

वयाचं मात्र आम्ही ऐकून घ्यायचो नाही. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. आयटीआयची, कॉलेजची पोरं वाढदिवस करायला यायची. ओळखपत्र बघायचं आणि वय भरत नसेल तर सरळ सांगायचं, बाबांनो, थाळी घ्या, कोल्ड्रिंक घ्या, केक इथंच कापा. काही रागावून दुसरीकडं जायची. काही बसायची आणि तीच पुढं वर्षानुवर्षं आमची गिऱ्हाइकं झाली. पिणाऱ्यालासुद्धा परवाना लागतो हे पुष्कळांच्या गावीही नसतं. १९४९च्या दारूबंदी कायद्यापासून ती तरतूद आहे. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन. अण्णा ते पुस्तक रोज लिहायला लावायचे. त्या निमित्तानं कोण आलं, कोण गेलं याची नोंद आमच्याकडं राहायची, आणि दोन-तीनदा घाबरलेल्या घरच्यांना रात्री उशिरा माणूस सापडला तो त्या नोंदीवरून.

आमच्या त्या हॉटेलात जिना चढून वर फॅमिली सेक्शन होता. खाली पुरुष आणि दारू, वर बायका-मुलं आणि जेवण, मध्ये हिरवा पडदा. कुटुंबं मागच्या दारानं यायची आणि मान खाली घालून वर जायची. त्यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. ते वाटायला एक बाहेरचा माणूस लागला.

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. कंपनी मूळची इटलीतल्या पोंतेदेराची. आपे रिक्षा इथं बनते, २०१२पासून व्हेस्पाही बनते. या ना त्या कारखान्याच्या कामासाठी इटालियन इंजिनिअर बारामतीत येऊन राहायचे आणि त्यांची संध्याकाळ आमच्याकडं जायची. त्यातला एक व्हेनिसजवळच्या गावचा. एक बिअर दोन तास पुरवायचा आणि ग्लासाच्या आधी खायला मागायचा. अण्णा त्याच्यावर जाम खूश होते. एकदा त्यानं सोबतच्या आपल्या मराठी इंजिनिअरमार्फत विचारलं, की पुढच्या महिन्यात माझी बायको आणि मुलगी येतेय, त्यांना घेऊन मी कुठं बसू? मी वर बोट केलं. तो म्हणाला, वर मला ग्लास मिळेल का? मी म्हणालो, नाही, वर फक्त जेवण. मग तो बराच वेळ व्हेनिसबद्दल सांगत बसला. संध्याकाळी कामावरून सुटलं की लोक गल्लीतल्या छोट्या दुकानात उभ्या उभ्या वाईनचा लहानसा पेला घेतात. काउंटरवर पावाच्या चकत्या, त्यांवर खारवलेला मासा, सार्डिन, ऑलिव्ह, अंडं. दोन घास, एक पेला, गप्पा आणि पुढचं दुकान. बाहेरच्या चौकात मुलं चेंडू खेळत असतात, आज्या बाकांवर बसलेल्या असतात, त्यांच्याही हातात पेला असतो. सकाळी कॉफी देतं तेच दुकान रात्री वाईन देतं. व्हेनिसच्या गल्ल्यांतून चारचाकी गाड्या नाहीत, त्यामुळं सगळेच चालत घरी जातात.

माझ्या डोक्यात ते चालत घरी जाणं आणि आजीच्या हातातला पेला, दोन्ही घर करून राहिलं. बारामतीनं व्हेनिस व्हावं असं मला वाटलं नाही. पण मी आमच्या हॉलकडं बघायला लागलो. आमच्याकडं खाणं आधी होतं, ते इटलीसारखंच. आमच्याकडं गप्पा होत्या. नव्हत्या त्या दोन गोष्टी: बाईला बसायला जागा, आणि घरी सुखरूप जायची सोय.

दुसऱ्या गोष्टीला हात घालता आला. कायद्यानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. ती मर्यादा दोन पेगांतसुद्धा ओलांडली जाऊ शकते, आणि आमच्याकडं येणारा प्रत्येक जण मोटारसायकलवर यायचा. जळोचीचा, काटेवाडीचा, माळेगावचा, गुणवडीचा. आम्ही तीन हत्ती चौकातल्या दोन आपेवाल्यांशी बोलणी केली. ज्याला बोलताना शब्द सापडत नाही त्याची चावी गल्ल्यावर ठेवायची, भाडं बिलात लावायचं, गाडी सकाळी घेऊन जायची. सुरुवातीला लोक चिडायचे. चावी द्यायला लागणं म्हणजे नामर्दपणा असं काहींना वाटायचं. मग एका हिवाळ्यात कालव्याच्या पुलावर आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांतला एक जण गेला. तो आमच्याकडून पिऊन निघाला नव्हता, त्या दिवशी दुसरीकडं बसला होता. त्याच्या टेबलावरच्या बाकीच्यांनी त्यानंतर स्वतःहून चाव्या गल्ल्यावर ठेवायला सुरुवात केली. बारामतीत बनलेली रिक्षा बारामतीच्या माणसाला रात्री घरी सोडते, हे त्या इटालियनाला सांगितलं तेव्हा त्यानं अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले होते.

पुढं मी भिगवणला गेलो. बारामतीपासून भिगवण तासाभराच्याही आतलं, पण रात्रीचा सगळा नूर वेगळा. उजनीचं धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. भिंत खाली सोलापूर जिल्ह्यात, पाणी मात्र मागं इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत पसरलेलं. ११७ टीएमसीचा हा साठा. त्यात गावं बुडाली, पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं, जे उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. जमीन गेलेल्या कितीतरी घरांनी होडी धरली. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे काढायची, उजाडता उजाडता भिगवणच्या मासळी बाजारात लिलाव. आमच्या हॉटेलाचा सगळा जीव त्या लिलावात. कटला, रोहू, वाम आणि ढिगानं चिलापी. चिलापी ही मूळची आफ्रिकेची. पाण्यात शिरली आणि तिनं इथल्या जुन्या माशांची जागा खाल्ली, याचं कोळ्यांना फार वाईट वाटतं. गिऱ्हाइकाला मात्र तीच तळलेली आवडते, काटा कमी म्हणून. माझ्या मते उजनीचं खरं सुख मरळीत आहे. ती हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून हौदात जिवंत राहते. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं, ती मागं जाते आणि सुक्या मसाल्यात होऊन ज्वारीच्या भाकरीबरोबर परत येते. तिच्या मऊ, गोडसर मांसाला नुसतं आलं-लसूण, मिरची आणि कोथिंबीर पुरते. काळा मसाला घालून ती मारू नये, असं मी आमच्या आचाऱ्याला शेवटपर्यंत सांगत आलो.

हायवेच्या हॉटेलाचं दुखणं म्हणजे ड्रायव्हर. आमच्या दारात हैदराबादकडं जाणारे ट्रक, पंढरपूरला, तुळजापूरला, अक्कलकोटला निघालेल्या गाड्या. गाडीतले सहा जण उतरायचे, पाच जण बसायचे आणि सहावा म्हणायचा, मलाही एक भर, थोडीच. मी भरू देत नव्हतो. सगळ्या टेबलाचं जेवण यायच्या आधी ड्रायव्हरचं ताट वाढायचं, तेही मालकाच्याच टेबलाशेजारी, आणि बिलात त्याला निम्मा दर. पोटभर जेवलेला माणूस ग्लासाकडं कमी बघतो. मालकाला आधी हा तोटा वाटला, पण ट्रकवाल्यांत तोंडोतोंडी बातमी पसरली आणि आमच्या अंगणात रात्री गाड्यांची रांग लागायला लागली.

१५ डिसेंबर २०१६ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद. १ एप्रिल २०१७पासून आमचं काउंटर गेलं. लहान गावांसाठी अंतर २२० मीटर झालं, पण आम्ही तर रस्त्याला चिकटूनच होतो. शहरांच्या हद्दीतल्यांना त्या जुलैत मोकळीक मिळाली, ग्रामपंचायतींच्या हद्दीतल्यांचा प्रश्न फेब्रुवारी २०१८पर्यंत राज्यांकडं गेला नव्हता. या काळात हायवेवरची किती पोरं घरी बसली हे मी पाहिलं आहे. आमचे तीन वेटर गावाकडं परत गेले, एकानं उसाच्या ट्रॅक्टरवर काम धरलं. दारूवर चालणाऱ्या हॉटेलांनी मागच्या गल्लीतून नवी दारं काढली, रस्ता वळवून अंतर वाढवलं. रस्त्यावर मरणारी माणसं वाचावीत हा निकालाचा हेतू मला पटला होता आणि आजही पटतो. पण पाचशे मीटर चालून पिऊन आलेला माणूस गाडी तशीच चालवतो. मोजायचं असेल तर ते अंतर मोजू नये, तो कसा घरी जातो ते मोजावं.

आम्ही नवं दार काढलं नाही. मालकाच्या बायकोनं सांगितलं, आता फक्त मासे. त्यांनी स्वतः स्वयंपाकघर हातात घेतलं, काउंटरच्या जागी काचेचा हौद बसवला, दिवे मोठे केले, पडदे काढून टाकले. आणि सहा महिन्यांच्या आत आमच्या हॉलमध्ये बायका दिसायला लागल्या. पुण्याच्या कुटुंबांबरोबर बारामतीच्या शिक्षिका, इंदापूरच्या बँकेतल्या मुली, भिगवणच्या लिलावात मासे विकणाऱ्या मावशी. मावशी तर ताट बघून आम्हालाच सांगायच्या, आजची वाम ताजी नाही, उद्या माझ्याकडून घे. थंडीत रोहित पक्षी आले की कुंभारगाव, डिकसळला पहाटे पोचणारी पुण्याची मंडळी साडेचारला आमच्याकडं चहाला थांबायची. त्यांना होडीतून नेणारी पोरं कोळ्यांचीच. ती जाळी टाकून रात्रभर जागी आणि ही अलार्म लावून उठलेली, एकाच बाकावर चहा पीत. माझ्या नोकरीत त्या पहाटेइतकी भरलेली वेळ दुसरी नव्हती.

दारूवर माझं पोट चाललं, तरी तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. आमचा सगळा मुलूख उसाचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. एक टन ऊस गाळला की साखरेबरोबर साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि टनभर मळीपासून सव्वादोनशे-अडीचशे लिटर अल्कोहोल. देशी त्याचीच, आणि भारतातली बरीचशी व्हिस्कीही त्याचीच. गाळप हंगामात बीड, नगरकडून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल आधीच घेऊन संपलेली असते. पहाटे अंधारात फडात शिरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, कारखान्यावर नंबर लागेपर्यंत थंडीत थांबायचं. त्या थांबण्यात पुरुषाच्या हातात देशीची क्वार्टर येते. बाईच्या हातात त्याच वेळी चूल आणि मूल असतं. गव्हाणीपुढच्या रांगेत मी चहाच्या टपऱ्यांवर बसलोय. तिथं जी पिली जाते तिच्यात गप्पा नाहीत, चव नाही, बसणं नाही. अंग दुखायचं थांबावं एवढंच तिचं काम. तिथं कुणी भात टाकू का म्हणून विचारत नाही.

म्हणून गावोगावच्या बायकांनी देशीच्या दुकानाविरुद्ध उभं राहणं मला कधी परकं वाटलं नाही. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. ही अट कडक आहे, कारण मतदानाला न आलेली बाई उभीच्या बाजूला धरली जाते. माझी आई अशाच एका गावातली. मी कशात काम करतो हे तिनं पाहुण्यांना कधी सांगितलं नाही, "हॉटेलात आहे" एवढंच म्हणायची. तिनं आडवीला मत दिलं असतं आणि मी तिला मोटारसायकलवर बसवून मतदानाला नेलं असतं.

या दोन टोकांच्या मध्ये आता वाईन आली आहे. पाटसहून बारामतीला येताना रोटी घाट लागतो. तिथल्या टेकडीवर यूबी समूहानं फोर सीझन्स ही वाईनरी उभारली. आम्ही हॉटेलवाले एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. ग्लासात चार घोट, रंग बघायचा, वास घ्यायचा, तोंडात फिरवायची आणि वाटलं तर थुंकायची. आमच्यातल्या एका जुन्या वेटरला थुंकणं फारच जिवावर आलं. मला त्यातली शेती आवडली. आपल्याकडं द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. माल येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, युरोपातल्या वेली थंडीनं काड्या होऊन उभ्या असतात तेव्हा. इंदापूरहून नीरा ओलांडली की अकलूज. तिथं फ्रातेल्ली ही वाईनरी टस्कनीच्या सेच्ची बंधूंनी, अकलूजच्या मोहिते-पाटलांनी आणि दिल्लीच्या सेखरी बंधूंनी मिळून उभी केली. पिएरो मासी हा टस्कनीचा वाईन करणारा माणूस तिथं माळरानावर वेली लावायला येऊन राहिला. अशा ठिकाणी बाई आणि पुरुष एका टेबलावर बसतात, ग्लास लहान असतो, समोर पोळी-भाजी नाही तरी चीज असतं. हे मला चांगलं वाटतं. पण वाईनची जी किंमत आहे तिच्यात पाळी सुटलेल्या पोराचं आठवड्याचं जेवण होतं. २७ जानेवारी २०२२ला सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचं ठरवलं तेव्हा महाराष्ट्रभर ओरड झाली आणि निर्णय अमलात आला नाही. मला त्या वेळी वाटलं होतं, की ती कुठल्या फळीवर विकावी यावर सगळे भांडले, ती कुठं बसून आणि कशाबरोबर प्यावी यावर कुणी बोललं नाही.

जत्रांच्या रात्री वेगळ्या. चैत्र-वैशाखात गावोगाव तमाशाचे फड, नारायणगावात सुपारी ठरलेली. मंगला बनसोडे, रघुवीर खेडकर यांचे फड लागले की परमिट रूम ओस पडायच्या आणि आम्हीही लवकर आवरून जायचो.

आणि वर्षातली एक रात्र पालखीची. तुकोबांची पालखी वरवंड, पाटस, रोटी घाट, उंडवडी करत बारामतीला मुक्कामाला येते. दुसऱ्या दिवशी काटेवाडीत पायघड्यांना धोतरं, मेंढ्यांचं रिंगण, सणसर. पुढं बेलवडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. बारामतीच्या मुक्कामादिवशी गावातली सगळी दारू बंद. आमच्या परमिट रूममध्ये आदल्या रात्रीच बाटल्या गोदामात जायच्या, भांडी चिंचेनं घासली जायची, हॉल फिनाईलनं तीनदा पुसायचा. कांदा-लसूण न घालता पिठलं, भाकरी, ठेचा. अण्णा स्वतः वाढायला उभे राहायचे. त्यांना मराठी अभंग पाठ नव्हते, पण रांगेतल्या प्रत्येकाला ते "माउली, अजून एक" म्हणायचे. गावात त्या रात्री कुणी झोपत नाही. शाळांत, देवळांत, दुकानांच्या ओट्यांवर भजन, कीर्तन, भारूड. चौकात पहाटेपर्यंत चहाची पातेली. पोरं, म्हातारी, बायका रस्त्यावर.

एका वर्षी संध्याकाळी पावसानं झोडपलं. परभणीकडच्या दिंडीचा तंबू भिजून खाली बसला. दिंडीतल्या बायका आमच्या पायऱ्यांवर आडोशाला उभ्या होत्या. अण्णांनी टेबलं उचलून भिंतीला लावायला सांगितली, खालचा हॉल उघडला आणि त्या तीस-चाळीस जणी तिथं झोपल्या. त्यांतल्या एका मावशीनं भिंतीवरचा दारूच्या कंपनीचा आरसा बघून मला विचारलं, "लेकरा, हे कसलं हाटेल?" मी सांगितलं. ती जरा थांबली, म्हणाली, "आज तर आमचंय ना," आणि पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली. पहाटे चारला त्या उठून गेल्या तेव्हा हॉल त्यांनीच झाडून ठेवला होता. त्यानंतर दरवर्षी ती दिंडी आमच्याकडंच उतरू लागली. पुढच्या वर्षापासून खालच्या हॉलमध्ये बाजूच्या चार टेबलांवर फॅमिलीला बसता यावं म्हणून मालकांनी पडदा काढला. ती टेबलं कधी रिकामी राहिली नाहीत.

अण्णा आता कुंदापूरला असतात. मी अजून भिगवणलाच आहे. येणार असाल तर मरळ दुपारीच फोन करून सांगून ठेवा, संध्याकाळी हौद रिकामा होतो. पिणार असाल तर आधी बारामतीत किंवा इंदापुरात बसा, पण कुणीतरी न पिणारा सोबत आणा, नाहीतर चावी तिथंच ठेवून रिक्षानं या. ड्रायव्हर कोण ते आल्याबरोबर सांगा, त्याचं ताट आम्ही आधी वाढतो.